फ्रेंच खेड्याची शांतता किती जुनी?

१९८१ सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्रान्समध्ये एक प्रचारपत्रक भिंतोभिंती झळकले. पुढे फ्रान्स्वा मितराँ. मागे धूसर उजेडात एक खेडे आणि घरांच्या घोळक्यातून वर आलेला चर्चचा मनोरा. हा उमेदवार म्हणजे शांत सामर्थ्य, एवढाच मजकूर. मितराँ समाजवादी होते. बँका आणि बडे उद्योग सरकारच्या ताब्यात घेण्याचा कार्यक्रम घेऊन ते लढत होते. तरीही झाक सेगेला या जाहिरातकाराने त्यांच्या मागे कारखाना दाखवला नाही, पॅरिसही दाखवले नाही. खेड्याबद्दल फ्रान्समध्ये डाव्याउजव्यांचे एकमत आहे, हे त्याला ठाऊक होते. खेडे म्हणजे देशाचे मूळ. ते पुरातन आहे, स्वयंपूर्ण आहे, आपल्या शिवारात रमलेले आहे, आणि रेल्वे, शाळा, ट्रॅक्टर येईपर्यंत हजार वर्षे ते जसेच्या तसे राहिले, असे हे मत.

हे मत मुळातून चुकीचे आहे. आणि ते किती चुकीचे आहे, हे त्या पत्रकातल्या गावाच्या परिसरातच सर्वांत चांगले दाखवता येते.

पण आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे, कारण तो केवळ जाहिरातदारांचा नाही. गास्ताँ रूपनेल या इतिहासकाराने १९३२ मध्ये फ्रेंच शिवाराचा इतिहास लिहिला, त्यात शेतांची आखणी आणि गावांची बसकण थेट नवाश्मयुगापर्यंत मागे नेली. त्याच्याही आधी, १८५२ मध्ये, मार्क्सने लुई बोनापार्टच्या सत्तापालटावर लिहिताना फ्रेंच शेतकऱ्यांना पोत्यातल्या बटाट्यांची उपमा दिली. प्रत्येक कुटुंब आपले आपण पिकवते, आपले आपण खाते. एकमेकांशी व्यवहार नाही, म्हणून वर्ग म्हणून एकजूटही नाही, असा त्याचा आशय. अलीकडच्या काळात या मताला सर्वाधिक विद्वत्तापूर्ण आधार दिला तो अमेरिकेत शिकवणाऱ्या युजेन वेबर यांच्या १९७६ च्या ग्रंथाने. १८७० पर्यंत खेड्यातला माणूस फ्रेंच नव्हताच. त्याला फ्रेंच केले ते रस्ते, शाळा आणि सक्तीची लष्करी सेवा यांनी, १८७० ते १९१४ या काळात, असा त्यांचा सिद्धांत. त्यांचा एक पुरावा तर डोळ्यांत भरणारा आहे. १८६३ च्या सरकारी पाहणीत ३७,५१० गाव-नगरांपैकी ८,३८१ ठिकाणी फ्रेंच बोलली जात नव्हती. ज्या देशाच्या जवळजवळ पाव भागात देशाची भाषा पोचलेली नाही, तिथली खेडी जगापासून तुटलेली होती, हे आणखी कशाने सिद्ध करायचे?

आता उत्तरपक्ष.

पत्रकातले गाव सेर्माज. न्येव्र जिल्ह्यात, मोर्वां नावाच्या डोंगराळ, जंगलाच्या पट्ट्यात ते आहे. खडकाळ जमीन, राय आणि बटाटा ही पिके, पांढरी शारोले गुरे, दाट झाडी. एकटेपणाची कल्पना करायला याहून सोयीचा मुलूख सापडणार नाही. पण सोळाव्या शतकाच्या मध्यापासून हा मुलूख पॅरिसच्या चुली पेटवत होता. हिवाळ्यात मोर्वांच्या रानात झाडे तोडली जात, ओंडक्यांचे तुकडे पाडले जात, आणि कोणाचे लाकूड कोणते हे कळावे म्हणून हातोड्याने प्रत्येकाच्या टोकावर मालकाचा शिक्का उठवला जाई. मग साठवलेले पाणी ठरलेल्या दिवशी ओढ्यांत सोडायचे आणि त्या लोंढ्यात लाखो तुकडे लोटून द्यायचे. ते वाहत खाली येत. क्लाम्सी या गावाजवळ योन नदीतून ते काढायचे, शिक्के पाहून वेगळे करायचे, रचून वाळवायचे, आणि मग त्यांचे लांबच लांब तराफे बांधून योन आणि सेन नद्यांवरून राजधानीत न्यायचे. तराफेवाले परतीची वाट पायी चालत. पॅरिसच्या सरपणाचा फार मोठा वाटा याच वाटेने येई, आणि हे काम तीन शतकांहून अधिक काळ चालले.

म्हणजे ज्या जंगलाच्या सावलीत हे खेडे शतकानुशतके झोपले होते असे पत्रक सुचवते, ते जंगल पॅरिसच्या मागणीनुसार तोडले आणि राखले जाणारे जंगल होते. पर्यटक जिथे नौकाविहाराला जातात ते सेताँचे सरोवरही निसर्गाचे देणे नाही. क्यूर नदीवर ओंडके वाहून न्यायला पाणी कमी पडू नये, म्हणून १८५० च्या दशकात बांधलेले ते धरण आहे.

लाकूड गेले तशी माणसेही गेली. आनो आणि आसपासच्या गावांतले बैलगाडीवाले वसंत ऋतूत आपले बैल घेऊन घर सोडत आणि दूरदूरच्या प्रांतांत भाड्याने माल आणि इमारती लाकूड ओढत. हिवाळ्याच्या तोंडाशी ते परतत. मोर्वांच्या बाया पॅरिसमधल्या श्रीमंतांच्या घरी दाई म्हणून जात. स्वतःचे तान्हे मूल गावी सासूच्या किंवा बहिणीच्या ओटीत ठेवायचे आणि परक्याच्या लेकराला अंगावर पाजायचे, हा त्या कामाचा अर्थ होता. त्यातले दुःख कुठल्याही आकड्यात बसणार नाही. त्या पैशातून गावात जी पक्की घरे उभी राहिली त्यांना लोक आजही दुधाची घरे म्हणतात. आणि उलट दिशेने पॅरिसची टाकून दिलेली, अनाथ मुले सरकारी खात्यामार्फत मोर्वांच्या शेतकरी कुटुंबांत सांभाळायला येत. त्यासाठी कुटुंबाला दरमहा पैसे मिळत. लेखक झाँ जने हा असाच पॅरिसमध्ये जन्मलेला मुलगा. तो आलिन्यी-आं-मोर्वां या गावात वाढला.

एका खेड्यातून सरपण, गाडीवान आणि आईचे दूध राजधानीला जाते, आणि राजधानीची पोरे त्या खेड्यात वाढतात. अशा गावाला तुटलेले म्हणणे मला शक्य वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, की लाकूड सोडले तर ही एकोणिसाव्या शतकाची गोष्ट झाली; त्याच्या आधीचे काय? आधीचेही असेच आहे. वोबां हा चौदाव्या लुईचा थोर दुर्गनिर्माता मोर्वांच्याच कडेला जन्मला. त्याने १६९६ मध्ये वेझले परगण्याची पाहणी लिहिली. तिथले गरीब लोक कोंड्यासकट सातू आणि ओटची भाकरी खातात, मांस वर्षातून तीनदाही त्यांच्या तोंडाला लागत नाही, आणि मिठावर कर इतका की खारवायला मीठ परवडत नाही म्हणून डुक्कर पाळणेही सोडून देतात, अशी त्याची नोंद आहे. व्हर्सायचा हात असा थेट शेतकऱ्याच्या खारवणाच्या पिंपापर्यंत पोचला होता. स्वयंपूर्णतेचा प्रश्नच इथे मिटतो. कर रोखीने द्यायचा, म्हणून काहीतरी बाहेर विकणे भागच. मग ते धान्य असो, सूत असो किंवा स्वतःचे श्रम.

आणखी मागे गेलो तर माँताय्यू आहे. पिरेनीज पर्वतातले, सुमारे १३०० मीटर उंचीवरचे, जेमतेम अडीचशे वस्तीचे हे गाव. १३१८ ते १३२५ या काळात झाक फुर्निए या बिशपने पाखंडाच्या संशयावरून तिथल्या लोकांच्या तपशीलवार जबान्या घेतल्या. हाच बिशप पुढे पोप झाला, म्हणून ते दप्तर व्हॅटिकनमध्ये टिकले, आणि त्यावरून इतिहासकार एमान्युएल ल र्वा लादुरी यांनी १९७५ मध्ये आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्या जबान्यांत प्येर मोरी नावाचा मेंढपाळ आहे. त्याचे आयुष्य कळपामागे पिरेनीजच्या दोन्ही अंगांना गेले: उन्हाळ्यात उंच कुरणे, हिवाळ्यात कॅटलोनियाचा सखल भाग. त्याचे मालक बदलत, सोबती बदलत, भाषा बदले, आणि बंदी घातलेल्या धर्मोपदेशकांचे निरोप याच वाटांवरून जात. चौदाव्या शतकाच्या आरंभी, इतक्या उंचावर, ही परिस्थिती.

आता वेबर यांच्या भाषेच्या पुराव्याकडे येतो. आकडा खरा मानूनही त्यातून निष्कर्ष निघत नाही. फ्रेंच न बोलणारे गाव जगाशी बोलत नव्हते, असे समजण्यात पॅरिस म्हणजेच जग हे गृहीत दडलेले आहे. दक्षिणेतल्या खेडुताची ऑक्सितान बोली त्याला आल्प्सपासून अटलांटिकच्या जवळपासपर्यंतच्या बाजारांत उपयोगी पडत होती. दुसरे असे, की वेबर यांचे साक्षीदार बहुतांशी बाहेरून आलेले आहेत: जिल्हाधिकारी, शाळा-तपासनीस, लष्करी अधिकारी. खेडूत अडाणी आणि रानटी आहे हे लिहिणे हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता, कारण सुधारणेसाठी लागणारा निधी त्यावरच मंजूर व्हायचा. वेबर यांनी या साक्षींची उलटतपासणी करायला हवी होती.

ती उलटतपासणी मार्तँ नादो करतो. क्रझ जिल्ह्यातल्या एका वाडीत १८१५ मध्ये शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. तिथे शेकडो गावांतले पुरुष दर वसंतात गवंडीकामासाठी पॅरिसला पायी जात आणि थंडीत परतत. शेत, गुरे, देणी, पोरे हे सारे बायका सांभाळत. नादो १८३० मध्ये, चौदाव्या वर्षी, बापाबरोबर निघाला. पुढे तो कामगारांचा पुढारी झाला, १८४९ मध्ये क्रझमधून प्रतिनिधीगृहात निवडून गेला, १८५१ च्या सत्तापालटानंतर हद्दपार झाला आणि १८७० नंतर परतून पुन्हा राजकारणात आला. त्याच्या १८९५ च्या आठवणींत हे सारे आहे. वेबर ज्या प्रक्रियेची सुरुवात १८७० नंतर दाखवतात, ती क्रझच्या गवंड्यांनी स्वतःच्या पायांनी कितीतरी आधी पुरी केली होती, आणि कुठल्याही शाळा-तपासनिसाने त्यांना वाट दाखवली नव्हती.

राहिला मार्क्स. त्याच्याबद्दल न्यायाने बोलले पाहिजे: आपण पुराणप्रिय शेतकऱ्याबद्दल बोलतो आहोत, क्रांतिकारक शेतकऱ्याबद्दल नाही, अशी पुरवणी त्याने स्वतःच जोडली आहे. लोकांनी उपमा लक्षात ठेवली आणि पुरवणी टाकून दिली. बहुसंख्य शेतकऱ्यांनी बोनापार्टला मते दिली, हेही खरे. पण २ डिसेंबर १८५१ च्या सत्तापालटाविरुद्ध हत्यार कोणी उचलले? पॅरिसमध्ये प्रतिकार दोनतीन दिवसांत चिरडला गेला. उठाव पसरला तो व्हार, बास-आल्प, द्रोम अशा दक्षिणेच्या जिल्ह्यांतल्या गावांत आणि बाजारपेठांत, आणि मध्य फ्रान्समध्ये क्लाम्सीला, म्हणजे त्याच तराफेवाल्यांच्या गावी. नंतर खास न्यायमंडळांपुढे २६ हजारांहून अधिक लोक उभे केले गेले, आणि साडेनऊ हजारांच्या आसपास लोकांना अल्जेरियाला पाठवण्याची शिक्षा झाली. इतिहासकार मोरीस आग्यूलाँ यांनी व्हारमधल्या या राजकारणाच्या मुळांचा शोध गावच्या पुरुषमंडळांत, त्यांच्या पेयपानाच्या खोल्यांत, सामाईक जंगलावरच्या हक्कांच्या जुन्या भांडणांत घेतला. एकजूट करण्याची साधने खेड्याकडे आधीपासून होती.

मग प्रश्न उरतो: खेडे इतके गजबजलेले, फिरते, बाजाराशी बांधलेले असेल, तर शांत, निव्वळ शेतीवर जगणाऱ्या गावाचे चित्र आले कुठून? ते पूर्ण खोटेही नाही. विसाव्या शतकात फ्रान्समध्ये हिंडणाऱ्याला खरोखरच तशी गावे दिसत. माझे सगळे म्हणणे या एका मुद्द्यावर उभे आहे: ती शांतता जुनी नव्हती. ती अगदी अलीकडे, माणसे निघून गेल्यामुळे आली होती.

१८५० च्या सुमारास फ्रेंच खेड्यात माणसांची दाटी कमाल होती. शेतकऱ्यांच्या शेजारी विणकर होते, लाकडी बूट कोरणारे होते, खिळे घडवणारे, कोळसा पाडणारे, दोर वळणारे होते. कित्येक घरांत हिवाळ्यात चरखा किंवा माग चाले. यंत्राचा माल आणि रेल्वे आली तसे हे धंदे मेले. जे गेले ते कारागीर आणि भूमिहीन मजूर. मागे उरले ते जमीनवाले. गाव निव्वळ शेतकऱ्यांचे झाले ते असे, शेवटी. क्रझची लोकसंख्या १८५१ मध्ये दोन लाख ८७ हजार होती, आज ती सव्वा लाखाच्याही खाली आहे. न्येव्रची १८८६ मध्ये जवळपास साडेतीन लाख होती, आज दोन लाखांच्या आसपास आहे. त्यात १९१४-१८ चे युद्ध आले. जवळजवळ प्रत्येक गावात स्मारकशिळा आहे, आणि लहानशा गावांतही तिच्यावरची नावांची यादी संपता संपत नाही.

दक्षिणेत हे आणखी झपाट्याने घडले. व्होक्लूझ जिल्ह्याची शेते अठराव्या शतकाच्या मध्यापासून मंजिष्ठाच्या जातीच्या झाडाचे लाल रंगाचे मूळ पिकवत. फ्रेंच शिपायांची लाल विजार त्या रंगाची. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग प्रयोगशाळेत बनवला आणि काही वर्षांत हे पीक संपले. त्याच सुमारास रेशमाच्या किड्यांवर रोग होता; त्यासाठी १८६५ मध्ये लुई पाश्चर आलेसला गेला. आणि १८६३ पासून अमेरिकेहून आलेली फिलॉक्सेरा ही मुळे खाणारी कीड द्राक्षमळे वाळवत होती. रंग, रेशीम, दारू: तिन्ही परदेशी बाजारांशी जोडलेली, तिन्ही थोड्या वर्षांच्या फरकाने कोसळलेली. नंतर प्रोव्हान्समध्ये आलेल्या प्रवाशांना जी निवांत, अर्धी मोकळी गावे दिसली ती या पडझडीची गावे होती. त्यांना ती प्राचीन वाटली.

हीच चूक एका नामवंत अर्थशास्त्रज्ञाच्याही वाचकांकडून झाली. झाँ फुरास्तिए यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथाची सुरुवात दोन गावांच्या तुलनेने केली. मादेर हे गरीब, बहुतेक साऱ्या कष्टकऱ्यांनी शेतीच करावी असे. सेसाक हे मोटारी, दूरध्वनी असलेले, जिथे शेतकरी थोडे उरले आहेत. मग ते उघड करतात, की दोन्ही एकच: लोत जिल्ह्यातले दुएल, १९४६ मध्ये आणि १९७५ मध्ये. शेतकऱ्यांची संख्या दोनशेवरून पन्नासच्या आसपास आलेली. मांडणी विलक्षण परिणामकारक आहे आणि तीस वर्षांतला बदल खरा आहे. पण वाचकाच्या मनात ठसते ते असे, की १९४६ चे गाव म्हणजे अनादी काळापासूनचे गाव. तसे ते नव्हते. दुएल हे लोत नदीवरचे बंदर होते. काओरची दारू पिंपांत भरून इथल्या नावाड्यांच्या होड्यांतून बोर्दोकडे जाई. रेल्वेने नावाडी संपवले, फिलॉक्सेराने मळे संपवले, आणि लोत जिल्ह्याची लोकसंख्या १८५१ ते १९४६ दरम्यान जवळजवळ निम्म्यावर आली. फुरास्तिए यांनी तुलनेसाठी घेतलेला आरंभबिंदू हा एका शतकाच्या उताराचा तळ होता.

'फ्रेंच खेडे' असे एकवचन वापरणेही इतिहासकार मार्क ब्लॉक यांच्या १९३१ च्या ग्रंथानंतर अवघड व्हायला हवे होते. उत्तरेची मोकळी, लांबट पट्ट्यांची शेते आणि दाट वस्त्या. पश्चिमेची कुंपणांनी वेढलेली शेते आणि विखुरलेल्या वाड्या. दक्षिणेची वेडीवाकडी वावरे. त्यांनी दाखवलेल्या या तीन व्यवस्थांत नांगर वेगळे, शेजाऱ्याच्या गुरांना कापणीनंतर रानात सोडण्याचे हक्क वेगळे, म्हणून गावकीचे स्वरूपही वेगळे.

आपल्याला हा भ्रम परका नाही. ब्रिटिश अधिकारी मेटकाफने १८३० मध्ये हिंदुस्थानातल्या गावांना छोटी प्रजासत्ताके ठरवले, राज्ये येतात-जातात पण गाव टिकते असे सांगितले. आणि कायदेपंडित हेन्री मेनने १८७१ मध्ये पूर्वेकडच्या गावांत युरोपचा भूतकाळ पाहिला. ज्या युरोपीय गावाशी आपले गाव तोलले गेले, तेच मुळात कल्पित होते. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी मात्र १९१५ च्या 'गावगाड्या'त फिरस्त्यांना स्वतंत्र प्रकरण दिले, कारण गावाचा हिशेब येणाऱ्याजाणाऱ्यांशिवाय लागत नाही हे त्यांना प्रत्यक्ष कामातून कळले होते.

हे खंडन केवळ अभ्यासकांच्या समाधानासाठी नाही. या भ्रमाचे परिणाम माणसांना भोगावे लागले आहेत. १९४० मध्ये पेतँच्या व्हिशी राजवटीने पराभूत देशाला मातीकडे परतण्याचा उपदेश केला, आणि सनातन शेतकऱ्याच्या त्याच गौरवाखाली स्वतंत्र शेतकरी संघटना मोडून सरकारी निगम उभा केला. त्याच राजवटीने ९ मार्च १९४१ ला जमीन एकत्रीकरणाचा कायदा केला, ज्याच्या बळावर पुढल्या दशकांत जुनी वावरे आणि कुंपणे पुसली गेली.

१९७० च्या सुमारास दक्षिणेतले लारझाक पठारही असेच पुसले जायचे होते. तिथला ३,००० हेक्टरांचा लष्करी तळ १७,००० हेक्टरांपर्यंत वाढवायचा बेत होता. तिथे थोडेसे शेतकरी मध्ययुगात राहावे तसे राहून चार मेंढ्या राखतात, अशा अर्थाचे विधान संरक्षण खात्याचे राज्यमंत्री आंद्रे फांताँ यांनी केले. वस्तुस्थिती अशी, की ते रोकफोर चीजसाठी मेंढीचे दूध पुरवणारे उत्पादक होते, आणि त्यांतले बरेच जण अलीकडेच येऊन, कर्ज काढून, नवे गोठे बांधून बसले होते. जे मध्ययुगातले आहे ते हटवले तर काही बिघडत नाही, असा त्या विधानाचा तर्क होता.

मार्च १९७२ मध्ये ला काव्हालरी या गावी लांझा देल वास्तो यांनी पंधरा दिवसांचा उपवास केला. वर्ध्याला गांधीजींच्या सहवासात राहून, शांतिदास हे नाव घेऊन परतलेला हा माणूस त्या वेळी पठाराच्या जवळच आपल्या सहकाऱ्यांसह राहत होता. त्या उपवासाच्या शेवटी १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. त्याच वर्षी त्यांनी आयफेल टॉवरखाली मेंढ्या चारल्या, पुढच्या वर्षी पॅरिसकडे ट्रॅक्टर नेले. दहा वर्षे ते अडून राहिले. १९८१ मध्ये तळाचा विस्तार रद्द झाला. सरकारने ताब्यात घेतलेली सुमारे ६,३०० हेक्टर जमीन १९८५ मध्ये दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने शेतकऱ्यांनीच चालवलेल्या संस्थेकडे आली. कोणाला कसायला द्यायची हे तीच ठरवते. जमीन कसणाऱ्याला निवृत्तीपर्यंत मिळते, विकता येत नाही, आणि वारसाने मुलाकडे जात नाही. पट्ट्याची मुदत आता २०८३ पर्यंत आहे.